वीज गेली की राजकारण यायचं

इंदूरात निवडणूक आली हे आमच्या पिढीला आधी कानांनी कळायचं. टांग्यावर, पुढे ऑटोवर बांधलेला भोंगा मल्हारगंजाच्या वळणावर खरखरायला लागला, की घरातल्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या आणि पोरं दारं उघडून पळायची. आता निवडणूक आली हे खिशाला कळतं. फोन थरथरतो, अनोळखी नंबर उजळतो, कानाला लावावा तर साक्षात मुख्यमंत्री नमस्कार करतात. आपणही सवयीने "नमस्कार" म्हणून मोकळे होतो आणि मग लक्षात येतं की पलीकडे माणूस नाही, टेप आहे. भोंग्याशी निदान आम्ही बोलायला जात नव्हतो.

भोंग्यामागून पत्रकं उडायची. पिवळी, गुलाबी, शाई हाताला लागणारी. ती वेचताना आम्ही पक्षभेद मानत नसू. जनसंघाचा दिवा, काँग्रेसची बैलजोडी आणि मग गाय-वासरू, 1977 मध्ये जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी. ज्याच्या सदऱ्यावर जास्त बिल्ले तो त्या आठवड्याचा सावकार. आजोबा एका पक्षाचे, वडील दुसऱ्याचे आणि पोराच्या छातीवर तिसराच. पत्रकांचा शेवट किराण्याच्या दुकानात व्हायचा. शेव बांधून आणली की पुडीच्या आतल्या बाजूला पक्षाची भूमिका निघायची, तेलाने बरीच पारदर्शक झालेली.

आता जाहीरनामा पीडीएफ होऊन येतो. 2023 च्या विधानसभेआधी मध्य प्रदेश काँग्रेसने काढलेलं वचनपत्र शंभराहून अधिक पानांचं होतं, आणि त्यात प्रदेशाची स्वतःची आयपीएल टीम उभी करण्याचंही वचन होतं. भाजपचं संकल्पपत्र मतदानाला आठवडासुद्धा उरला नव्हता तेव्हा, ऐन दिवाळीत आलं. दोन्ही आमच्या फोनवर पोहोचली, कुणीतरी 'जरूर वाचा' असं लिहून पुढे ढकललेली. ढकलणाऱ्याने ती वाचली नव्हती, आम्हीही वाचली नाहीत. जुनी पत्रकं तरी आम्ही कुठे वाचत होतो? पण त्यांतून शेव यायची.

भिंतींचीही अशीच कथा. निवडणुकीच्या कितीतरी आधी पक्षाचे रंगारी चुन्याचा हात मारून कोपऱ्यात लिहून जायचे, 'यह दीवार आरक्षित है'. घर आमचं, भिंत आमची, आरक्षण त्यांचं. मालकाला विचारायची रीत नव्हती. फार तर रंगारी प्यायला पाणी मागायचा आणि आपण ते दिलं की तीच संमती. एका रात्रीत हाताचं कमळ व्हायचं, दुसऱ्या रात्रीत कमळाचा हात. (हीच कला मार्च 2020 मध्ये 22 आमदारांनी भिंतीशिवाय करून दाखवली आणि कमलनाथांचं सरकार गेलं, तो भाग वेगळा.)

1994 मध्ये मध्य प्रदेशात मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध कायदा झाला, निवडणूक आयोगही कडक झाला, आणि हळूहळू भिंती सुटल्या. आज त्यांच्यावर ओला कचरा, सुका कचरा यांची चित्रं आहेत, कारण 2017 पासून आपण देशातलं सर्वांत स्वच्छ शहर आहोत आणि ते आपण पाहुण्यांना रिक्षात बसायच्या आत सांगतो. भिंती सुंदर झाल्या हे मान्यच करायला हवं. जुन्या भिंतींवर पानाची पिचकारी, पक्षाचं चिन्ह आणि गुप्तरोगाचा दवाखाना अशी कायमची युती असायची. गल्लीत आता लाउडस्पीकर एकाच गाडीवर वाजतो, कचरागाडीवर. ती गाणं म्हणत येते आणि रोज येते. पक्षाची गाडी पाच वर्षांनी यायची.

पण आमच्या पिढीचं राजकारण खरं शिजलं ते पोलोग्राउंडमुळे. नाव होळकरी थाटाचं. घोडे कधीच गेले आणि मागे नाव ठेवून गेले. मग तिथे आल्या लहान कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड, उद्योजकांच्या संघटनेचं कार्यालय, आणि जीपीएच कंपाउंडमध्ये विजेचं दफ्तर. आज पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीचं मुख्यालय तिथेच आहे, म्हणजे सगळ्या माळव्या-निमाडचा उजेड तिथून हलतो. साहजिकच विरोधी पक्ष कोणताही असो, त्याचा मोर्चा पोलोग्राउंडला यायचाच. सत्ता बदलली की फाटकाच्या बाहेरचे आणि आतल्यांचे पाठीराखे यांची अदलाबदल होते. घोषणा बहुतेक त्याच राहतात.

नव्वदीच्या अखेरीस आणि दोन हजारच्या सुरुवातीला वीज अशी जायची की तिच्या जाण्यावर घड्याळ लावावं. येण्यावर लावू नये. त्यात 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळं झालं. कोरब्याची औष्णिक केंद्रं तिकडे गेली आणि मागणी इकडे राहिली. पोलोग्राउंडच्या शेडमध्ये लेथ फिरता फिरता मंदावायची, फिटर आणि टर्नर चिंध्यांना हात पुसत बाहेर यायचे आणि चहाच्या टपरीवर बसायचे. काम बंद, पंखा बंद, तोंड चालू. दिग्विजय सिंह 1993 पासून मुख्यमंत्री होते. त्यांच्या पक्षाची बातमी असायची पंचायत राज आणि शिक्षण हमी योजना. टपरीवरची बातमी असायची दुसरी पाळी भरणार की नाही. गावोगावी शाळा पोचवणारी ती शिक्षण योजना चांगली होती, असं आज वाटतं. तेव्हा घामात काही वाटलं नाही.

आणि संध्याकाळी तेच दृश्य गल्लीत. वीज गेली की घरं रिकामी आणि ओटे भरलेले. कुणी खाटेवर, कुणी पायरीवर, कुणी स्कूटरच्या सीटवर. एक काका शाखेतले, एक लाल बावट्याचे, ज्यांना 1962 मध्ये गिरणी कामगारांच्या बळावर होमी दाजी लोकसभेत गेले तो दिवस काल घडल्यासारखा आठवायचा. एक निवृत्त हेडक्लार्क, ज्यांच्या मते इंग्रजांनंतर आणि होळकरांनंतर कारभार असा झालाच नाही. अंधाराची एक सोय होती: कोण बोललं ते आवाजावरून कळायचं, पण कुणाचा चेहरा पडला ते दिसायचं नाही. त्यामुळे भांडण टोकाला जायचं आणि तिथेच थांबायचं.

अशा वेळी पक्षाचा कार्यकर्ता सायकलवरून जाताना सापडला तर त्याची सुटका नव्हती. "बैठो भिया, बैठो. लाइट कब आएगी ये बताके जाओ." एखादे काका टॉर्च लावून त्याला विजेचं बिल दाखवायचे, चष्मा पुसून आकडे वाचून दाखवायचे. त्याला त्यातलं काही कळायचं नाही. तो मान डोलवायचा, "ऊपर बात करता हूँ" म्हणायचा, चहा प्यायचा. दुसऱ्या दिवशी परत यायचा तेव्हा उत्तर घेऊन यायचा, आणि ते उत्तर चुकीचं असायचं. मग त्याच्यावर पुन्हा एक तास. पक्षाची बातमी वरून खाली यायची ती अशी, आणि आमची मतं खालून वर जायची तीही अशीच, त्याच सायकलवर. वर पोचायची की वाटेत सांडायची, देव जाणे.

2003 ची निवडणूक 'बिजली, सडक, पानी' यांवर लढली गेली, असं पुढे अभ्यासकांनी लिहिलं. उमा भारतींनी दिग्विजय सिंहांना 'मिस्टर बंटाधार' ठरवून टाकलं होतं. डिसेंबरात निकाल लागला: 230 पैकी भाजप 173, काँग्रेस 38. पोलोग्राउंडच्या टपरीवर हा निकाल आधीच लागलेला होता, फक्त आकडे यायचे होते. पुढे वीज सुधारली. तिचं श्रेय ज्याने त्याने घेतलं, पण नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाची कोनशिला स्वतः इंदिरा गांधींनी 1984 मध्ये बसवली होती आणि त्याची यंत्रं फिरू लागली 2004 मध्ये. एकूण क्षमता 1000 मेगावॅट. त्याच पाण्याखाली जायचं म्हणून 2004 च्या पावसाळ्याआधी हरसूद हे आख्खं गाव रिकामं झालं. लोकांनी आपली घरं आपल्या हातांनी पाडली. आमच्या ओट्यावर हरसूदची चर्चा झाल्याचं आठवत नाही. तोवर वीज आली होती आणि आम्ही आत गेलो होतो.

आता वीज सहसा जात नाही. 2013 च्या निवडणुकीआधी अटल ज्योती अभियान आलं, चोवीस तास विजेच्या घोषणा झाल्या, आणि शहरापुरतं बोलायचं तर ते बऱ्याच अंशी खरं ठरलं. गेलीच तर 1912 फिरवायचा, नाहीतर ॲपवर तक्रार टाकायची. मीटर स्मार्ट झालं आहे; रीडिंग घ्यायला माणूस यायचा आणि कुत्रा त्याच्यावर भुंकायचा, तेही संपलं. कुत्र्याला बहुधा आमच्यापेक्षा जास्त चुकल्यासारखं होत असेल.

आणि पक्षाची बातमी? ती आता बिलातच छापून येते. जुलै 2018 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, शिवराजसिंह चौहानांच्या सरकारने संबल योजनेत नोंदलेल्या कुटुंबांना महिना 200 रुपयांत वीज दिली आणि जुनी थकबाकी माफ केली. कमलनाथ आले, त्यांनी 2019 मध्ये इंदिरा गृह ज्योती आणली: महिन्याचा वापर 150 युनिटांच्या आत असेल तर पहिली 100 युनिटं 100 रुपयांत. ते सरकार पडलं, योजना राहिली, नाव अटल गृह ज्योती झालं. मीटरला इंदिराजी आणि अटलजी यांत फरक कळत नाही, बिलाला कळतो. 2023 मध्ये काँग्रेस म्हणाली 100 युनिट माफ, 200 हाफ. पूर्वी आम्ही बिल घेऊन पक्षाच्या माणसाला गाठायचो. आता पक्षच बिलात बसून घरी येतो. बिलाला प्रश्न विचारता येत नाही, एवढंच.

म्हणजे आम्ही ज्या गप्पांच्या आठवणीने उसासे टाकतो त्या लोकशाहीच्या ओढीने झालेल्या नाहीत. पंखा बंद पडला म्हणून झाल्या. त्या परत हव्या असतील तर उपाय सोपा आहे: सगळ्या गल्लीने रोज सात ते नऊ मेन स्विच पाडावा. आमच्यातला एकही तयार होणार नाही, सर्वांत मोठा उसासा टाकणारा तर मुळीच नाही. पोलोग्राउंडच्या ज्या शेडवाल्याची ऑर्डर वेळेत गेली नाही, ज्याच्या कामगाराचा खाडा पडला, ज्याच्या मुलीने बारावीचा अभ्यास कंदिलावर केला, त्याला हे स्मरणरंजन ऐकवून बघा. चहा पाजणं सोडा, तो टपरीवरून उठवून लावेल.

शिवाय ओट्यावर होतं कोण? आम्ही म्हणजे पुरुष. बायका त्याच अंधारात आत चिमणी लावून पोळ्या लाटत होत्या. त्यांचं मत कार्यकर्ता आम्हालाच सांगून जायचा: "भाभीजी को भी बोल देना." आम्ही 'हो' म्हणायचो आणि सांगायचं विसरून जायचो, कारण त्या आपल्यालाच विचारून मत देणार असा आमचा समज होता. तो समज 1989 मध्ये जरा हलला. चिपळूणला जन्मलेल्या, इंदूरच्या सून झालेल्या, प्रवचनं करता करता राजकारणात आलेल्या सुमित्रा महाजन प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्यासमोर उभ्या राहिल्या. आता घराच्या चाव्या सुनेकडे द्या, असा त्यांच्या प्रचाराचा सूर होता. रामबागेतल्या, लोकमान्य नगरातल्या काकू-मावशींना हे भाषण समजावून सांगावं लागलं नाही. ताई जिंकल्या आणि त्या विजयापासून 2014 पर्यंत सलग आठ वेळा जिंकल्या, लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. घरातल्या चाव्या मात्र बऱ्याच घरांत आहेत तिथेच राहिल्या.

आता पक्ष बाईशी थेट बोलतो, नवऱ्यामार्फत नाही. लाडली बहना योजना मार्च 2023 मध्ये सुरू झाली, 10 जूनला पहिले 1000 रुपये खात्यात पडले, ऑक्टोबरात 1250 झाले, नोव्हेंबरात मतदान झालं, भाजपला 163 जागा मिळाल्या. पैसे आल्याचा मेसेज तिच्या फोनवर, तिच्या नावाने. ओट्यावरचे काका याला मताचा सौदा म्हणतात. असेलही. पण मतदानाच्या आदल्या रात्री, जिला इकडे 'कत्ल की रात' म्हणतात, वस्त्यांमधून कांबळी आणि बाटल्या वाटल्या जायच्या तेव्हा हेच काका 'चालायचंच' म्हणत असत. तो सौदा बापयांशी होता, एवढाच फरक.

सकाळची बातमी नईदुनियात असायची. 5 जून 1947 ला सुरू झालेलं हे वर्तमानपत्र राहुल बारपुते, राजेंद्र माथुर, प्रभाष जोशी यांनी असं घडवलं की इंदूरच्या मराठी घरातही हिंदी शुद्ध लिहायची भीती बसली. पक्षाने काही जाहीर केलं की चार दिवसांनी 'पत्र संपादक के नाम' मध्ये त्याला उत्तर यायचं. चार दिवस! त्या चार दिवसांत पत्र लिहिणाऱ्याने ते तीनदा फाडलेलं असायचं, मात्रा-वेलांट्या तपासलेल्या असायच्या आणि राग निम्म्यावर आलेला असायचा. छापून आलं की महाराष्ट्र साहित्य सभेच्या पायऱ्यांवर लोक त्याला थांबवून म्हणायचे, "आज वाचलं तुमचं."

आता उत्तर चार सेकंदांत येतं, आणि प्रश्न पूर्ण व्हायच्या आत येतं. वॉर्डाच्या ग्रुपवर सकाळी सात वाजता फुलं, सव्वासातला पक्षाचा व्हिडिओ, साडेसातला त्यावर शिव्या, आणि आठ वाजता 'काका लेफ्ट'. अर्थात जुन्या स्तंभातही सगळ्यांना जागा नव्हती. बाणगंगेच्या वस्तीतल्या कामगाराचं पत्र किती वेळा छापून आलं असेल? त्याला कागद, पोस्टाचं तिकीट आणि शुद्धलेखन, तिन्ही महाग होतं. आज तो व्हॉइस मेसेज टाकतो, मनसोक्त, आणि आम्हाला त्याचं व्याकरण खटकतं.

राजवाड्यासमोरच्या सभांविषयी फार लिहीत नाही, सगळेच लिहितात. एवढंच की सभा रात्री संपायची आणि सराफा तेव्हाच जागा व्हायचा. वाजपेयींची सभा ऐकायला काँग्रेसवालेही यायचे, वाक्य कुठे थांबवतात ते ऐकायला. नंतर दोन्हीकडचे लोक एकाच कढईपुढे गराडू खात सभेची चिरफाड करायचे. आता रोड शो असतो. नेता हात हलवत जातो, जेसीबीतून फुलं पडतात, आणि तो काय बोलला हा प्रश्नच उरत नाही, कारण तो बोललेलाच नसतो. 2023 मध्ये इंदूर-1 मधून उमेदवारी मिळाल्यावर कैलाश विजयवर्गीय जाहीरपणे म्हणाले होते की लढायची एक टक्काही इच्छा नव्हती, आता मोठे नेते झालो, हात जोडायला कुठे फिरणार. मग ते लढले, फिरले आणि मोठ्या फरकाने जिंकले. जुने नेतेही मनात हेच म्हणत असतील. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती.

सगळ्यांत जास्त चुकल्यासारखं होतं ते पर्चीच्या टेबलाचं. मतदान केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर, निंबाच्या सावलीत, प्रत्येक पक्षाचं एक टेबल. तुमचं नाव, भाग क्रमांक, यादीतला क्रमांक हाताने लिहिलेली पर्ची, मागे चिन्ह. कुठल्या टेबलावरून पर्ची घेतली यावरून गल्ली तुमचं मत ओळखायची, म्हणून पोचलेली माणसं एका टेबलावरून पर्ची घ्यायची, दुसऱ्यावर पाणी प्यायची आणि मत तिसऱ्याला द्यायची. दुपारी गर्दी ओसरली की तिन्ही टेबलांवर एकाच डब्यातले पोहे फिरायचे. 'काकू अजून नाही आल्या' हे काँग्रेसच्या टेबलावरचा मुलगा भाजपच्या मुलाला सांगायचा, आणि त्यांतला एक कुणीतरी स्कूटर काढून काकूंना आणायला जायचा. काकू ज्याच्या स्कूटरवरून आल्या त्याला मत द्यायच्या नाहीत, हे दोघांनाही ठाऊक असायचं. या व्यवस्थेत कुणाचं नाव यादीतून गळलं तर मात्र टेबल हात वर करायचं, आणि ज्याला वाचता येत नव्हतं त्याला पर्चीवरचं चिन्ह म्हणजेच सरकारी हुकूम वाटायचा. ते वाईटच होतं.

आता पर्ची निवडणूक आयोगाचा बीएलओ देतो, छापील, चिन्हाशिवाय. छप्पन दुकानला सकाळी लवकर मत देऊन बोटावरची शाई दाखवली की पोहे-जलेबी फुकट. 2024 मध्ये तिथे मोठी झुंबड होती. पक्षाचा माणूसही येतो बरं का. भाजपचा पन्नाप्रमुख, मतदार यादीच्या एका पानाचा जबाबदार. तो दारात उभा राहतो, नाव विचारतो, फोनमध्ये काहीतरी भरतो, एक सेल्फी घेतो. "बैठो भिया" म्हणेपर्यंत पुढच्या दारात. त्याच्या पानावर घरं बरीच असतात, आणि वर कुणीतरी त्याची हजेरी बघत असतं.

मग 2024 ची लोकसभा आली. 29 एप्रिलला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांती बम यांनी अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. 1989 पासून काँग्रेस इथे जिंकलेली नव्हती, पण यादीत असायची. आता यादीतही नाही. तेव्हा प्रदेशातल्या या जुन्या पक्षाकडे निवडणुकीआधी सांगायला एकच बातमी उरली: नोटा दाबा. ऑटोंवर नोटाचे पोस्टर लागले. ज्या शहरात एकेका भिंतीसाठी रंगारी भांडले, तिथे एक पक्ष 'कुणालाच नाही' याचा प्रचार करत होता. 4 जूनला नोटाची मतं निघाली 2,18,674. त्याआधीचा देशातला विक्रम 2019 मध्ये बिहारमधल्या गोपालगंजचा होता, 51,660. शंकर लालवानी 11,75,092 मतांनी निवडून आले. मतदान 2019 पेक्षा कमी झालं.

त्या उन्हाळ्यात पोलोग्राउंडच्या टपरीवर याविषयी जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. लेथ चालू होत्या. आम्ही घरी पंख्याखाली बसून एकमेकांना नोटाचे विनोद पाठवले, आणि विनोद चांगले होते. जुन्या काळी अर्ज मागे घेणारा उमेदवार ओट्यासमोरून गेला असता तर त्याला टॉर्च मारून विचारलं असतं, "काय हो, झालं काय?" निदान आम्हाला तसं वाटतं. तेव्हाही उमेदवार बसायचे, बसवले जायचे, आणि आमच्या टॉर्चमधले सेल बहुतेक वेळा संपलेले असायचे, हेही खरं.

आता 2027 मध्ये महापालिका आणि 2028 मध्ये विधानसभा. म्हणून वाचकांना एक विनंती. पुढच्या खेपेला कोणत्याही पक्षाचा माणूस दारात आला, तर सेल्फीच्या आधी त्याला आत बसवा. चहा द्या. वहिनींना बोलवा, बिल त्यांनाच दाखवू द्या. सबसिडीच्या ओळीवर बोट ठेवून विचारा की हे पैसे सरकारी तिजोरीतून, म्हणजे कुणाच्या खिशातून आले, आणि पुढच्या सरकारने योजनेचं नाव बदललं तर आकडाही बदलणार का. त्याला सांगता येणार नाही. चालेल. उद्या उत्तर घेऊन परत ये, असं सांगून त्याचा नंबर लिहून घ्या.